लिंबाजीचा उघडा दिवस

“कंचा आवाज देऊ, ताई?” लिंबाजीनं माइकसमोर मांडी ठोकत विचारलं. “घोगरा देऊ, नाकातला देऊ, का जखिणीवानी बारीक देऊ?”

“चोराचा द्या,” मी म्हणाले.

“चोराला आवाज नसतोय, ताई. त्यो गप ऱ्हातोय म्हनून तर चोरी व्हतीया.”

काचेपलीकडे शेडगे सर खो-खो हसले. लिंबाजीशेजारी त्याची सात वर्षांची छबी बसली होती. ती भिंतीवर टांगलेल्या गोधड्यांकडे टकामका बघत होती. आमच्या स्टुडिओत आवाज घुमू नये म्हणून आम्ही गावातल्या बायकांकडून जुन्या गोधड्या मागून आणून चारी भिंतींना लावल्या होत्या. पाहुणे आले की कुणाची गोधडी कुठली हेच आधी सांगावं लागायचं.

आता मला विचाराल तर त्या दिवसाइतकी मजा रेडिओवर पुन्हा कधी आली नाही. बारा वर्षं झाली. ‘रेडिओ पाणवठा’ असं आमच्या केंद्राचं नाव. आंबेखडकच्या दूध डेअरीच्या माडीवर दोन खोल्या, एक उंच खांब, आणि आजूबाजूच्या पंधरा गावांत ऐकू जाईल एवढाच जोर. शेडगे सर निवृत्त मास्तर, केंद्राचे सर्वेसर्वा. मी मालन. डी.एड. करून नोकरी न लागलेली, तोंडाची फटकळ. सर म्हणायचे, “मालन, देवानं तुला रेडिओसाठीच घडवलंय. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.” मी ती स्तुतीच समजायची.

आमच्याकडे एक पद्धत होती. कुठलीही सूचना कोरडी वाचायची नाही. जनावरांना लस टोचून घ्या, पाणी उकळून प्या, काहीही असो, त्याचं दोन मिनिटांचं नाटुकलं करायचं. ही कल्पना माझी. सुनेचं आणि सासूचं भांडण लावून मी लोकांना संडास बांधायला लावले होते. त्यामुळे शाळेकडून चिठ्ठी आली की मुलांना अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका असं समजावून सांगावं, तेव्हा मी लगेच कागद-पेन घेऊन बसले. आई विहिरीवर गेलेली, मुलगी एकटी ओट्यावर, एक माणूस येतो, गोड बोलून गोळी देतो, आई धावत येऊन बोंब मारते. आई मी स्वतः. मुलगी छबी, आणि पोरं पळवणाऱ्या चोरासाठी लिंबाजी.

लिंबाजी बहुरूपी होता. बापजाद्यांचा धंदा. कधी फौजदार होऊन यायचा आणि सरपंचालाच दरडावायचा, “चला, वॉरंट आहे!” कधी डॉक्टर, कधी मेंढपाळ, कधी माहेरी निघालेली भांडकुदळ बाई. एका गावात आठ-दहा दिवस रोज नवं सोंग. ओळखायचं नाही, ओळख द्यायची नाही. आणि शेवटच्या दिवशी मात्र स्वतःच्या कपड्यांत, स्वतःच्या तोंडानं दारोदार जायचं आणि सांगायचं, बाबांनो, तो फौजदार मीच, ती बाईही मीच. लोक कपाळाला हात लावायचे, हसायचे, आणि पायली-दोन पायली धान्य, जुनं लुगडं जे असेल ते घालायचे. त्या दिवसाला तो ‘उघडा दिवस’ म्हणायचा.

तर त्यानं चोराचा आवाज काढला. असा काही खर्जातला, की सरांच्या हातातला चहा सांडला. पण छबी खुदकन हसली. पुन्हा घेतलं, पुन्हा हसली. तिला बापाचे सगळे आवाज पाठ होते. भीती कुठून वाटणार?

“छबे, घाबर ना गं जरा,” मी म्हणाले.

“आबाला काय घाबरायचं?”

चौथ्या वेळी ती कंटाळली, उठून दाराकडे निघाली. लिंबाजीनं खिशातून लिमलेटची गोळी काढली, तिच्यापुढे धरली आणि हळू म्हणाला, “ये बाळा. भिऊ नगं. ही गोळी घे. ग्वाड हाय.”

माइक चालूच होता. मी खुर्चीतून ताडकन उठले. “हेच! हेच पाहिजे! असंच बोला!”

“ह्ये?” लिंबाजी चपापला. “ह्यो तर माझाच आवाज हाय, ताई.”

“म्हणूनच. खरा चोर असाच बोलतो, मायेनं. तो सिनेमातला आवाज कोण खरं मानणार?”

त्यानं गोळी छबीच्या हातावर ठेवली. मग म्हणाला, “आमच्यात सवताचा आवाज जपून वापरायचा अस्तोय. उघड्या दिशीच काढायचा, नाय तर घरात.” आणि लगेच हसला. “पन तुमी म्हनता तर असू द्या. रेडिवूत मला कोन बघतंय?”

मी ते तसंच ठेवलं. त्यापुढे माझी बोंब जोडली, “अगं बाई, कोण रे तू?” आणि शेवटी सरांच्या भरदार आवाजात सूचना. झालं नाटुकलं.

त्याच दिवशी त्याची मुलाखतही केली, तास-सव्वा तासाची. ‘आपली माणसं, आपली कला’ या कार्यक्रमासाठी. त्यात त्यानं नऊ आवाज काढून दाखवले. मधेमधे तो स्वतःच्या आवाजातही बोलला होता. पालात पाऊस शिरला की सोंगांची ट्रंक डोक्यावर घेऊन कसं उभं राहावं लागतं, बायको झुंबर दाढ्यामिशा कशा विणते, छबीला शाळेत घालायचंय पण एका गावात तीन आठवडे थांबलो तर चूल कशी पेटायची, असलं काहीबाही. बोलताना खोकायचा. मी संकलनाला बसले तेव्हा ते सगळं काढून टाकलं. लोकांना सोंगं हवीत, रडगाणं कशाला? अर्ध्या तासाचा चटपटीत कार्यक्रम केला, आणि संगणकात जागा नव्हती म्हणून उरलेलं पुसलं. हे आधीच सांगून ठेवते.

नाटुकलं दिवसातून तीनदा लागायचं आणि लोकांना भलतंच आवडलं. बाजारात बायका मला अडवून म्हणायच्या, “मालनताई, त्यो मेला चोर कोन गं? अंगावर काटा येतो बाई.” पोरं शाळेत खेळायची, एक चोर व्हायचा, बाकीचे पळायचे. मी नाव सांगायची नाही. लिंबाजीच्या धंद्याची गुपितं फोडायची नाहीत, एवढं मला कळत होतं. सरांनी ते नाटुकलं राज्याच्या एका स्पर्धेला पाठवलं. उत्तर आलं की परीक्षक येत्या शुक्रवार-शनिवारी येऊन केंद्र बघतील, प्रसारण ऐकतील. मी तर हवेतच होते.

आणि नेमकी त्याच दिवसांत ती बातमी उठली. कुठून उठली कोण जाणे. ह्याच्या मोबाइलवरून त्याच्या मोबाइलवर. पोरं पळवणारी टोळी आली आहे, गोळीनं गुंगी आणतात आणि गाडीत घालतात. पंधरा गावांत एक पोर हरवलेलं नव्हतं, पण बायांनी अंगणवाडीत पोरं पाठवणं बंद केलं, आणि गडी काठ्या घेऊन पारावर बसायला लागले. जो तो म्हणायचा, “अरे, रेडिओवर महिनाभर तेच तर सांगतायत!”

“लोकांना गरज आहे,” सर म्हणाले. “तीनदा नको, आठ वेळा लावू.”

मीच यादी बदलली. माझ्या हातानं.

गुरुवारी दुपारी लिंबाजी माडी चढून आला. पोस्टमनच्या कपड्यांत होता, खाकी टोपी, खांद्याला पिशवी, नाकावर चष्मा. मी खरंच विचारलं, “कुणाचं पत्र?” तेव्हा त्यानं चष्मा काढला.

“पाणी द्या, ताई.”

पाणी पिऊन तो गोधडीला टेकून बसला. त्या वर्षी त्यानं नवं गाव घेतलं होतं, चिंचपठार. आमच्यापासून नऊ किलोमीटर. बहुरूप्यांची गावं वाटून घेतलेली असतात. चिंचपठार त्याच्या चुलतभावाचं. तो भाऊ धंदा सोडून साखर कारखान्यावर गेला, तेव्हा ते लिंबाजीकडे आलं. गेले आठ दिवस तो तिथं सोंगं घेत होता.

“कसं आहे गाव?” मी विचारलं.

“ग्वाड हाय. पन बावरल्यालं हाय.” तो टोपी हातात फिरवत राहिला. “ताई, एक मागनं हाय. ते माझं नाटुकलं जरा बंद ठिवा.”

“का हो?”

“आज सकाळी पाणी मागाया एका दारात ग्येलो. पोस्टमन व्हतो, पन घसा धरल्याला, आवाज घसारला. माझा माझाच निघाला. ‘बाळा, वाईच पाणी दे,’ एवढंच म्हनलो. तर पोरगं जे बोंबलत पळालं! त्याच्या आयनं बाहीर येऊन माझ्याकडं निस्तं बघितलं. लई बघितलं.”

मला हसू आलं. देवाशपथ, हसू आलं. “म्हणजे नाटुकलं झकास झालंय म्हणायचं!”

तोही हसला, पण लगेच थांबला. “चोर सोडून संन्याशाला सुळी व्हायची एखाद्या बारीला.”

“लिंबाजीभाऊ, उद्या-परवा परीक्षक येतायत. तेच ऐकायला येतायत. आत्ताच काढलं तर काय ऐकवू त्यांना? रविवारी बंद करते. शब्द देते.”

“ऐतवारी.” त्यानं बोटांवर मोजलं. “शनवारी माझा उघडा दीस हाय तिथं.”

“मग शनिवारी तोंड मिटून बसा!” मी चेष्टेनं म्हणाले.

“त्याच दिशी तर माझ्या तोंडानं बोलायचं अस्तंय, ताई. बाकीचं समदं वरीस मी दुसऱ्याच्याच तोंडानं बोलतो.”

“मग उघडा दिवस सोमवारी करा ना.”

“सांगून ठिवलंय पाटलाला. शब्द दिल्याला दीस मोडत न्हाई आमच्यात.” तो उठला, चष्मा नाकावर चढवला. “बरं. तुमचंबी काम हाय. दोन दिसांचा तर सवाल. ऐतवारी मातुर काढा.”

“काढते म्हटलं ना!”

जिन्यावरून उतरताना त्यानं पोस्टमनच्या आवाजात डेअरीच्या वॉचमनला दम दिला, “ओ, मनीऑर्डर आहे, सही करा!” वॉचमन सही करायला उठलाही. मी वरून बघत हसत होते.

माझ्यावर मात्र कुणाची सक्ती नव्हती. सरांना विचारलं असतं तर त्यांनी काढू दिलं असतं. स्पर्धेची ढाल हवी होती मला. सगळ्या राज्यासमोर स्टेजवर जाऊन घ्यायची होती. बस, एवढंच कारण.

शुक्रवारी परीक्षक आले. दोघं होते. गोधड्या बघून खूश झाले, नाटुकलं ऐकलं. एक बाई म्हणाल्या, “चोराचा आवाज किती नैसर्गिक आहे हो! कोण आहे हा कलाकार?” मी म्हणाले, “ते गुपित आहे.” संध्याकाळी ते म्हणाले, आमचं काम झालं, उद्या यायची गरज नाही.

म्हणजे शुक्रवारी संध्याकाळीच मी ते काढू शकत होते. बघा, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यादी समोर होती, एक बटण दाबायचं होतं. आनंदात विसरले. शब्द रविवारचा दिला होता, तो रविवारीच पाळायचा असं डोक्यात बसलं होतं.

शनिवारी दुपारी दोन ते तीन ‘आपली फर्माईश’. लोक फोन करायचे, मी गप्पा मारून गाणं लावायची. पावणेतीनला फोन वाजला.

“हॅलो ताई, चिंचपठारवरून बोलतोय.”

“बोला दादा! कुठलं गाणं लावू तुमच्यासाठी?”

“गानं ऱ्हाऊ द्या, ताई. खुशीची बातमी हाय. तुमचा चोर घावला!”

“कुठला चोर?” मी हसतच विचारलं. सगळं प्रसारित होत होतं.

“त्योच, गोळीवाला. दारात आला न् पोरीला म्हनला, बाळा, घरात कोन हाय? आवाज जो वळखला आमी! हुबेहूब, ताई. खिशात गोळ्याबी घावल्या. थांबा, तुमीच ऐका न् सांगा.”

त्यानं फोन पुढे धरला असावा. एकदम गलका आला, बायकांच्या शिव्या, काठीचा आवाज. आणि त्या सगळ्यातून तो आवाज आला. मी आठ वेळा रोज ऐकत होते तो.

“ताई... सांगा की ह्यास्नी... म्या लिंबाजी... बहुरूपी हाय म्या...”

आणि कुणीतरी हसून म्हणालं, “घ्या! आता बहुरूपी झाला. लई सोंगाड्या हाय!”

फोन कट झाला.

मी माइकवर ओरडले. काय ओरडले ते आता धड आठवत नाही. तो चोर नाही, तो आमचा कलाकार आहे, तो आवाज मी घ्यायला लावला, चिंचपठारकरांनो, हात थांबवा, पाया पडते. सर धावत आले, त्यांनी तो नंबर पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलेना. मी घसा फुटेपर्यंत बोलत राहिले. गावात पन्नास तरी रेडिओ होते, कुणाच्या तरी कानावर जाईल असं वाटत होतं. मग सर म्हणाले, “ऊठ, मालन,” आणि आम्ही स्कूटरवर निघालो.

वाटेत माळावर प्रत्येक वस्तीवर बायका उभ्या होत्या. त्यांनी माझं ओरडणं ऐकलं होतं. हात करून विचारत होत्या, काय झालं? चौदा गावांना कळलं होतं. एका गावाला नाही. चिंचपठारला शनिवारी बारा ते चार लाइट नसायची, आणि तिथले सगळे रेडिओ लाइटवर चालायचे. हे तिथं गेल्यावर कळलं.

शाळेच्या भिंतीलगत गर्दी होती. आम्हाला बघून ती आपोआप फाटली. एक म्हातारा पुढे आला, हात जोडून म्हणाला, “बरं झालं ताई, तुमीच आलात. बघा बरं, त्योच हाय न्हवं?” अभिमानानं विचारत होता. रेडिओची माणसं आपल्या गावात आली याचा त्याला आनंद झाला होता.

लिंबाजी भिंतीला पाठ लावून बसवल्यासारखा पडला होता. अंगात पांढरा सदरा, नवा. उघड्या दिवसासाठी घेतलेला. आजूबाजूला लिमलेटच्या पाच-सहा गोळ्या मातीत पडल्या होत्या. त्या कुणी उचलल्या नव्हत्या.

“तो बहुरूपी आहे!” सर ओरडले. “तो फौजदार, तो पोस्टमन, हाच होता! तुमच्या पाटलाला विचारा!”

पाटील लेकीच्या घरी लग्नाला गेला होता. कुणी कुणाकडे बघेना. मग एक बाई हळूच म्हणाली, “अगं बया. पोस्टमन व्हय?” आणि मागे सरकली. हळूहळू सगळेच सरकले. काठ्या तिथंच टाकून लोक घराकडे गेले. पाच मिनिटांत तिथं आम्ही तिघंच उरलो.

मी त्याच्याजवळ बसले. त्याचा एक डोळा उघडत नव्हता. ओठ सुजले होते. त्यानं मला ओळखलं.

“ताई,” तो म्हणाला, “उद्या ऐतवार न्हवं?”

मी हो म्हणाले. मिळाली ती पिकअप गाडी करून आम्ही त्याला तालुक्याला नेलं, तिथून जिल्ह्याला. मंगळवारी सकाळी तो गेला.

सात जणांना पोलिसांनी नेलं. जामिनावर सुटले. साक्ष द्यायला कुणी उभं राहिना. मी उभी राहिले, पण मी काय बघितलं होतं? ऐकलं होतं फक्त. त्यांच्या वकिलानं मला एकच प्रश्न विचारला, “हा आवाज चोराचा आहे, असं लोकांना दिवसातून आठ वेळा कोण सांगत होतं?” महिन्याभरानं स्पर्धेचं पत्र आलं, आमच्या नाटुकल्याला दुसरा क्रमांक. सरांनी ते फाडलं आणि त्यानंतर ते फारसे केंद्रावर आले नाहीत.

झुंबर आली ती तेराव्यानंतर कधीतरी. दुपारची वेळ होती. सोबत छबी. झुंबरला मी पहिल्यांदाच बघत होते. काळीसावळी, उंच, कपाळ मोकळं. दारातच उभी राहिली. छबी मात्र सरळ आत येऊन आपल्या त्या जुन्या जागेवर, माइकसमोर बसली.

“तुमीच व्हय मालनताई?” झुंबर म्हणाली.

“या ना. बसा.”

ती बसली नाही. “त्यो आला व्हता न्हवं तुमाला सांगाया? बंद करा म्हनून?”

“हो.”

“मंग?”

“रविवारी करणार होते.”

तिनं माझ्याकडे बघितलं. शिव्या देईल, थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. खरं सांगते, मारावं असंच वाटत होतं. पण ती नुसतं म्हणाली, “आमच्या कामाला आलोय. तुमच्याकडं त्येचा आवाज हाय म्हनं. छबी झोपंना. आबाचा आवाज पायजे म्हंती.” तिनं ओच्यातून फडक्यात गुंडाळलेला मोबाइल काढला. “ह्यात घालून द्या.”

मी घाईघाईनं मुलाखतीचा कार्यक्रम लावला. फौजदार गरजला, डॉक्टर खोकला, भांडकुदळ बाई नवऱ्याला झाडायला लागली. नऊच्या नऊ आवाज झाले. छबी एकदाही हसली नाही. तिनं आईकडे बघून मान हलवली.

“ही समदी सोंगं हायती,” झुंबर म्हणाली. “त्येचा सवताचा लावा.”

मी संगणकात शोधत असल्यासारखं केलं. काय शोधणार? सव्वा तास बोलला होता तो माझ्याशी. पालातला पाऊस, झुंबरच्या हातच्या दाढ्यामिशा, छबीची शाळा, त्याचा खोकला, सगळं मीच पुसलं होतं. पुसताना चहा पीत होते.

“न्हाई का?” तिनं विचारलं.

“एक आहे,” मी म्हणाले. “पण तो... तुम्हाला ऐकवणार नाही. तो त्यातला आहे.”

तिला समजलं. ती पुढे येऊन छबीच्या मागे उभी राहिली. मग म्हणाली, “असू द्या. लावा.”

“पोरगी आहे.”

“तिचाच बा हाय त्यो. लावा.”

मी लावला.

“ये बाळा. भिऊ नगं. ही गोळी घे. ग्वाड हाय.”

पुढे माझी बोंब येणार होती. मी झटकन बंद केलं. झुंबरनं पदर तोंडावर धरला होता, आणि छबी माझ्याकडे बघत होती, आवाज कुठून आला ते मला ठाऊक असावं अशी.

“ह्योच,” छबी म्हणाली. “आबा.”

मी ते नाटुकलं उघडलं आणि कापायला बसले. ओरडणारी आई काढली. सरांची सूचना काढली. मुलांनो, सावध, काढलं. सगळं काढून जे राहिलं ते झुंबरच्या मोबाइलमध्ये घातलं आणि मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं बटण दाबलं, कानाला लावला. ऐकला. पुन्हा लावला. मग मोबाइलकडे उलटसुलट बघितलं, काही अडकलंय का, तसं.

“एवढंच व्हय, ताई?”

“एवढंच,” मी म्हणाले.